बाग-रेल्वे

बाग-रेल्वे : घरालगतच्या बागेत वा मोकळ्या आवारात उघड्यावर बसविलेली, खऱ्या रेल्वेच्या मापांशी ठराविक प्रमाण राखून तयार केलेली चालती प्रतिकृती. खेळण्यातील आगगाडीहून ती दोन बाबतींत वेगळी असते. तिचे एंजिन व डबे कोणत्या तरी प्रत्यक्षातील रेल्वेवरून बेतलेले असतात. आणि तिचा मार्ग टेबलावर नसून जमिनीवर असल्यामुळे ऊन, पाऊस, माती, पालापाचोळा यांना तोंड देण्याची सोय खऱ्या मार्गाप्रमाणेच करावी लागते. सार्वजनिक उद्यानांत मुलांना बसवून फिरविणाऱ्या गाड्या, उदा., पुण्याच्या पेशवे पार्कमध्ये १९५६ साली सुरू झालेली ‘फुलराणी’, या अर्थाने प्रतिकृती नव्हेत; त्या लहान मापाच्या खऱ्या रेल्वे होत. मात्र या दोन्ही प्रकारांचा इतिहास एकमेकांत गुंतलेला आहे.

वाफेच्या रेल्वे-एंजिनाचा छोटा नमुना हा रुळांवरील खऱ्या एंजिनाच्या आधी जन्मला. विल्यम मर्डॉक यांनी १७८४ मध्ये इंग्लंडमधील रेडरुथ येथे दिव्याच्या ज्योतीवर वाफ करून चालणारी एक छोटी गाडी तयार केली होती. रिचर्ड ट्रेव्हिथिक यांनीही प्रथम लहान नमुने केले आणि १८०४ मध्ये वेल्समधील पेनिडॅरन येथे रुळांवरून ओझे ओढणारे एंजिन चालवून दाखविले. म्हणजे नमुना हा त्या काळी करमणुकीचा विषय नसून प्रयोगाचे साधन होता. हीच दृष्टी सर आर्थर हेवुड (१८४९–१९१६) यांच्या कामात दिसते. डर्बीशर परगण्यातील डफील्ड येथे स्वतःच्या घराभोवती त्यांनी १८७४ पासून ३८१ मिमी. (१५ इंच) मापाचा लोहमार्ग घातला. प्रत्यक्ष उपयोगी पडेल असे रुळांचे कमीतकमी माप कोणते, हा त्यांचा प्रश्न होता. आधी २२९ मिमी. (९ इंच) मापाचा मार्ग करून पाहिल्यावर त्यावर बसलेला माणूस स्थिर राहत नाही, असे त्यांना आढळले. लष्कराने या मापाचा स्वीकार करावा ही त्यांची इच्छा फलद्रूप झाली नाही. पण १८९६ मध्ये वेस्टमिन्स्टरच्या ड्यूकच्या ईटन हॉल या वाड्यासाठी त्यांनी असाच मार्ग बांधून दिला व त्यावरून कोळसा, विटा इत्यादींची वाहतूक होऊ लागली. पुढे हेन्री ग्रीनली (१८७६–१९४७) हे आरेखक आणि नॉर्दॅम्प्टनचे कारखानदार बॅसेट-लोक (१८७७–१९५३) यांनी हेवुड यांचे माप घेतले, पण त्यांचा हेतू टाकून दिला. मोठ्या रेल्वेच्या डौलदार एंजिनांच्या हुबेहूब लहान आवृत्त्या त्यांनी याच मापावर केल्या व त्या उद्यानांत आणि समुद्रकिनारी चालविल्या. अनेक उद्यान-गाड्या या शाखेतून निघाल्या; बाग-रेल्वेची शाखा त्याहून लहान मापांकडे वळली.

लहान मापांची पहिली सर्वमान्य क्रमवारी मेर्क्लिन या जर्मन खेळणी-कारखान्याने १८९१ मध्ये लाइपसिक येथील जत्रेत मांडली. तीतील ‘एक’ क्रमांकाचे माप ४५ मिमी. ठरले; ‘शून्य’ क्रमांकाचे ३२ मिमी. माप तीत नंतर जोडले गेले. ही दोनच मापे आजही बागेत सर्वांत अधिक वापरली जातात. न्यूरेंबर्गच्या लेमान कारखान्याने १९६८ मध्ये ४५ मिमी. रुळांवर मीटरमापी रेल्वेची १:२२·५ प्रमाणातील प्लॅस्टिकची विजेरी गाडी बाजारात आणली. पावसात भिजली तरी बिघडू नये अशा बेताने ती केलेली होती. त्यामुळे स्वतः एंजिन घडविण्याचे कसब नसलेल्या कुटुंबांतही हा छंद पोचला.

माप आणि प्रमाण : रुळांचे माप तेच ठेवून प्रमाण बदलले, की वेगवेगळ्या रेल्वेंची प्रतिकृती करता येते, हे या छंदातील मूळ सूत्र होय. भारतीय रुंदमापी मार्गाचे रूळ १,६७६ मिमी. अंतरावर असतात. ४५ मिमी. रुळांवर त्याची प्रतिकृती केल्यास प्रमाण सुमारे १:३७ पडते. वराडातील अरुंदमापी मार्गांचे ७६२ मिमी. माप त्याच रुळांवर घेतल्यास प्रमाण सुमारे १:१७ होते, आणि माथेरानच्या ६१० मिमी. मापासाठी ३२ मिमी. रूळ घेतल्यास ते १:१९ येते. जागेच्या दृष्टीने यांत मोठा फरक आहे. रुंदमापी मार्गावर वळणाची त्रिज्या १७५ मी. पेक्षा कमी ठेवीत नाहीत. १:३७ प्रमाणात ती ४·७ मी. होते, म्हणजे नुसते गाडी वळवून आणण्यासाठी नऊ-दहा मीटर रुंदीची बाग लागते. ७६२ मिमी. मार्गावर सुमारे ४४ मी. त्रिज्येचे वळण चालते व १:१७ प्रमाणात ते २·६ मी. इतकेच होते. घरच्या बागेला मेल गाडीपेक्षा शेतातून जाणारी छोटी गाडी अधिक शोभते, ती या कारणाने. प्रमाणाशी तडजोड केल्याखेरीज मेल गाडी बागेत नीट मावतच नाही.

घरात टेबलावर मांडावयाच्या प्रतिकृतींत भारतीय छांदिष्टाला आणखी एक अडचण येते. १:८७ प्रमाणाचे जगभर मिळणारे रूळ १६·५ मिमी. मापाचे असतात, कारण यूरोप-अमेरिकेतील १,४३५ मिमी. मार्गाला धरून ते ठरले. भारतीय रुंदमापी मार्गाला त्या प्रमाणात १९·३ मिमी. हवेत. तयार रूळ वापरले की आपली गाडी अरुंद पायांवर उभी असल्यासारखी दिसते. योग्य रूळ करावयाचे तर प्रत्येक सांधा व प्रत्येक आस स्वतः घडवावा लागतो. बहुतेक जण पहिला मार्ग पत्करतात व त्यात काही गैरही नाही, परंतु ही तफावत आहे हे ठाऊक असावे.

एंजिन : मोठ्या एंजिनाचा प्रत्येक भाग एकाच प्रमाणात लहान केला, तर होणारे यंत्र चालत नाही. १:१७ प्रमाणात लांबी सतरावा हिस्सा होते, पृष्ठभाग २८९ वा आणि घनफळ व वजन ४,९१३ वा. तीस टनांचे एंजिन सहा किलोग्रॅमच्या आसपास येते. बाष्पित्रातील पाणी घनफळाच्या हिशेबाने घटते, पण उष्णता बाहेर जाते ती पृष्ठभागातून. म्हणून दर लिटर पाण्यामागे उष्णतेची गळती सतरा पटींनी वाढते. बाष्पित्रातील ४५ मिमी. व्यासाची धूरनळी २·६ मिमी. झाली, तर काजळीने ती थोड्याच वेळात तुंबते. कोळशाचे खडे आणि ज्योत तर प्रमाणात लहान होतच नाहीत. यासाठी लहान बाष्पित्रात नळ्या थोड्या पण मोठ्या घालतात आणि अग्निपेटी प्रमाणापेक्षा खोल करतात.

याच्या उलट सिलिंडरांची गोष्ट आहे. दट्ट्यावरील जोर वाफेचा दाब आणि दट्ट्याचे क्षेत्रफळ यांवर अवलंबून असतो. दाब मूळचाच ठेवला, तर जोर २८९ वा हिस्सा होतो, पण वजन मात्र ४,९१३ वा. म्हणजे वजनाच्या मानाने एंजिन सतरा पट जोरकस होऊन चाके जागच्या जागी फिरू लागतील. म्हणून दाब पुष्कळ उतरविला तरी चालते. लहान एंजिनाला जोराचा तुटवडा नसतो, तुटवडा असतो तो सतत पुरेल इतक्या वाफेचा.

ही गोष्ट आज सोपी वाटते, पण १९२० नंतरच्या काही वर्षांत इंग्लंडमध्ये तिच्यावरून कडाक्याचा वाद झाला. पर्सिव्हल मार्शल यांनी १८९८ मध्ये सुरू केलेल्या *द मॉडेल एंजिनिअर* या नियतकालिकाच्या पानांतून तो लढला गेला. लहान एंजिनात कोळसा नीट जळणार नाही, तेव्हा स्पिरिटच्या वातीवर तापणारे जलनळीचे बाष्पित्रच योग्य, असे प्रस्थापित कारखानदारांचे मत होते. ‘एल. बी. एस. सी.’ या आद्याक्षरांनी लिहिणाऱ्या लॉरेन्स या लेखकाने ते खोडून काढले. योग्य नळ्या असलेले कोळशाचे बाष्पित्र ६३·५ मिमी. मापावरही जिवंत माणसाला ओढील, हा त्याचा दावा होता आणि ‘आयेशा’ हे आपले एंजिन १९२४ मधील लंडनच्या प्रदर्शनात चालवून त्याने तो सिद्ध केला. या वादाचे महत्त्व एंजिनापुरते नाही. लॉरेन्सने पुढे कित्येक दशके घरगुती लेथवर करता येतील अशा एंजिनांची क्रमवार वर्णने लिहिली. त्यामुळे जी विद्या कारखान्याच्या चार भिंतींत होती, ती कारकून, शिक्षक, मिस्त्री यांच्या हाती आली.

बागेतील बहुतेक छोटी वाफेची एंजिने आता ब्यूटेन वायूवर चालतात. बाष्पित्र तांब्याचे असून चांदीयुक्त डाखाने जोडलेले असते. साधा कथिलाचा डाख उष्णतेने वितळण्याचा धोका असल्याने वर्ज्य समजतात. कामाचा दाब दर चौ. सेंमी.ला तीन ते चार किग्रॅ. असतो. नवे बाष्पित्र प्रथम वाफेवर न तपासता थंड पाण्याने भरून दुप्पट दाबाला तपासतात, कारण ते फुटले तरी पाणी वाफेप्रमाणे प्रसरण पावून इजा करीत नाही. चाकांबाहेर दिसणारी झडपांची दांडेयंत्रणा काही स्वस्त एंजिनांत केवळ शोभेची असते व खरे काम आत दडवलेले साधे विकेंद्री चक्र करते. चोखंदळ छांदिष्ट ही लबाडी खपवून घेत नाहीत.

महाराष्ट्र व मराठी संस्थाने : बागेतील रेल्वेचा राजेशाही नमुना ग्वाल्हेरला आढळतो. माधवराव शिंदे (१८७६–१९२५) यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस राजवाड्याच्या परिसरात ६१० मिमी. मापाचा मार्ग घातला आणि हौसेतून निघालेला तो मार्ग वाढत जाऊन ग्वाल्हेर–श्योपूर ही सुमारे २०० किमी. लांबीची रेल्वे झाली. ती २०२० मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली. जयविलास राजवाड्यातील मेजवानीच्या टेबलावर फिरणारी चांदीची गाडी मात्र अजून पाहावयास मिळते; तिच्यावरील मद्यपात्र उचलताच ती थांबते.

प्रत्यक्ष वाहतुकीसाठी लहान मापाचा विचार महाराष्ट्रात एव्हरार्ड कॅलथ्रॉप (१८५७–१९२७) यांच्या बार्शी लाइट रेल्वेपासून (१८९७) रुजला. नेरळ–माथेरान मार्ग आदमजी पीरभॉय कुटुंबाने १९०७ मध्ये पुरा केला. त्यावरील जर्मन बनावटीच्या एंजिनांत टोकाच्या चाकांचे आस वळणानुसार बाजूला सरकू शकत. तीव्र वळणांवर एंजिन कसे वळवावे, हा बागेतला प्रश्नही तोच असल्याने छांदिष्टांचे या एंजिनांवर विशेष प्रेम आहे. त्यांपैकी एक इंग्लंडमधील लेटन बझर्ड येथे जतन केलेले आहे.

वर्धा जिल्हा मुख्यतः रुंदमापी मार्गाचा प्रदेश आहे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोचली, ती याच जिल्ह्यातून. जिल्ह्यातील दोन सिंदींपैकी नागपूरच्या वाटेवरील एक ‘सिंदी (रेल्वे)’ म्हणून, तर वर्धा शहराला लागलेली दुसरी ‘सिंदी (मेघे)’ म्हणून ओळखली जाते, यावरून रेल्वेची खूण लोकभाषेत किती खोल गेली ते दिसते. अरुंदमापी मार्ग मात्र जिल्ह्यात एकच, पुलगाव–आर्वी हा ३५ किमी. लांबीचा. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीच्या मूर्तिजापूर–यवतमाळ (११३ किमी.) व मूर्तिजापूर–अचलपूर (७६ किमी.) या मार्गांचा तो भाऊबंद. वराडचा कापूस मुख्य मार्गापर्यंत आणणे हे या सर्वांचे काम. यवतमाळच्या ‘शकुंतला’ गाडीचे १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेले एंजिन १९९४ पर्यंत वाफेवर धावत होते. या तिन्ही मार्गांवरील नियमित वाहतूक आता थांबलेली आहे.

कोणाला या गाडीची बाग-रेल्वे वर्ध्याच्या परिसरात करावयाची झाल्यास पहिला शत्रू पायाखालीच भेटतो. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडून आकसते. तिच्यावर सरळ टाकलेला मार्ग एका वर्षात सापासारखा होतो. म्हणून काळा थर काढून मुरूम व दगडाचा भर घालावा, अथवा मार्ग विटांच्या खांबांवर गुडघाभर उंच न्यावा. दुसऱ्या उपायाने वाकण्याचे कष्टही वाचतात. स्लीपर सागाच्या पक्व लाकडाचे असल्यास वाळवीला दाद देत नाहीत. हिवाळ्यातील पहाट आणि मे महिन्यातील दुपार यांमध्ये रुळांच्या तापमानात ५०° से. चा फरक सहज पडतो. त्यामुळे दहा मीटर पितळी रूळ सुमारे साडेनऊ मिमी. लांबतो. ही जागा सांध्यांत मोकळी सोडली नाही, तर रूळ खिळ्यांतून उसळतात. उतार तीव्र ठेवू नये. सहा किलोग्रॅमचे एंजिन सपाटीवर दहा वाघिणी ओढीत असले, तरी चढावर त्याची चाके घसरतात.

नमुन्यासाठी मापे कोठून घ्यावयाची, हा प्रश्न उरतो. नागपूरच्या मोतीबाग येथील अरुंदमापी रेल्वे संग्रहालयात (स्थापना २००२) जवळून मोजता येतील अशी एंजिने व डबे ठेवलेले आहेत. पुण्यात भाऊसाहेब जोशी यांनी छंदातून उभारलेले व १९९८ मध्ये जनतेस खुले झालेले लघुरेल्वे संग्रहालय आहे. तेथील मांडणी घरातील व १:८७ प्रमाणाची असून सिग्नल, पूल व शहर यांसह गाड्या एकाच नियंत्रण-मेजावरून चालविल्या जातात. मार्ग उखडला गेला, की स्थानकाची उंची, पुलाचा गाळा, वळणाचा कोन ही माहिती कागदावर क्वचितच शिल्लक राहते. पुलगाव–आर्वी मार्गाच्या स्थानकांची आणि पुलांची मोजणी त्या जागी काही उभे आहे तोवरच करता येण्याजोगी आहे. [→ रेल्वे, वाफ एंजिन].