शेषाद्रि बंधु आणि जालन्याचें बेथेल

औरंगाबादच्या (सांप्रत छत्रपती संभाजीनगर) परिसरांतील गारखेडा हा गांव आतां शहराच्या वस्तींत मिळून गेला आहे. त्याच्या उत्तरेनें जालन्याची सडक पूर्वेकडे जाते. ह्या टापूंत जुने कागद शोधीत हिंडणारे संशोधक बहुधा दौलताबाद, खुलदाबाद व पैठण ह्या वाटेस लागतात. फारशी फर्मानें, मोडी रुमाल आणि महानुभावांच्या पोथ्या हें त्यांचें लक्ष्य. जालन्याच्या सडकेनें सुमारें ६० किलोमीटर जाऊन बेथेल नांवाच्या एका लहानशा ख्रिस्ती वसाहतीची चौकशी करावी, असें त्यांपैकीं फारच थोड्यांच्या मनांत येतें. ह्या वसाहतीचा इतिहास मुंबईंतील १८४३ सालच्या एका प्रसिद्ध खटल्याशीं जोडलेला आहे. तो संबंध दाखवावा, आणि ज्या काळांत जुना आधार सुटला व नवा हातीं लागला नव्हता त्या काळांत एका माणसास ख्रिस्ती श्रद्धेंत स्थैर्य कसें सांपडलें ह्याचा विचार करावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

(१) काळ

पेशवाई १८१८ त बुडाली. त्यानंतर पंचवीस वर्षांनीं जी पिढी वयांत आली तिची स्थिति विलक्षण होती. वडिलांची विद्या, वृत्ति व आश्रय हीं तिघेंही डळमळलीं होतीं. इंग्रजी शाळेंतून मिळणारी विद्या पोट भरण्यास पुरे, परंतु जगावें कशासाठीं ह्या प्रश्नास ती उत्तर देत नसे. मुंबईंत डॉ. जॉन विल्सन, रॉबर्ट नेस्बिट, मरे मिचेल इत्यादि स्कॉटिश मिशनरी ह्याच प्रश्नास हात घालीत. त्यांच्या शाळेंतील दोन पारशी तरुणांनीं १८३९ सालीं बाप्तिस्मा घेतला तेव्हां शहरांत मोठा क्षोभ झाला होता.

खुद्द ह्या मिशनऱ्यांचेंही आसन त्या वेळीं स्थिर नव्हतें. १८४३ च्या मे महिन्यांत स्कॉटलंडच्या राजमान्य चर्चमध्यें फूट पडून 'फ्री चर्च' निराळें निघालें, आणि मुंबईचे हे मिशनरी नव्या पक्षास मिळाले. सद्‌सद्विवेकबुद्धीसाठीं सरकारमान्य आश्रय सोडावा लागतो, हें त्यांच्या विद्यार्थ्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें. पुढील हकीकत समजण्यास ही गोष्ट ध्यानांत ठेवणें अवश्य आहे.

(२) खटला

त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत (शके १७६५) नारायण शेषाद्रि ह्या ब्राह्मण विद्यार्थ्यानें बाप्तिस्मा घेतला. नारायण वयांत आलेला असल्यामुळें त्यास कोणी अडवूं शकलें नाहीं. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांच्या घरीं जाऊन राहिला व त्यांच्या पंक्तीस जेवला. परंतु तो अल्पवयी होता व त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. पित्यानें न्यायालयांत धांव घेतली आणि न्यायालयानें मुलगा पित्याच्या स्वाधीन केला.

कायद्याचा प्रश्न येथें संपला. धर्मशास्त्राचा सुरू झाला. 'दर्पण'कर्ते बाळशास्त्री जांभेकर ह्यांनीं असा पक्ष घेतला कीं, मुलानें धर्मांतर केलेलें नाहीं, घडला तो केवळ संसर्गदोष. सबब प्रायश्चित्त देऊन त्यास परत घ्यावें. जगन्नाथ शंकरशेट ह्यांचा त्यांस पाठिंबा होता. सनातनी मंडळींनीं कडाडून विरोध केला आणि शुद्धीच्या कैवाऱ्यांवरच बहिष्काराचें शस्त्र उपसलें. बाळशास्त्री १८४६ सालीं निवर्तले. त्यांच्या अखेरच्या वर्षांवर ह्या वादाची छाया पडलेली आहे.

आमच्याकडील इतिहासकार हें प्रकरण बहुधा सुधारणेच्या इतिहासांतील एक प्रकरण म्हणून सांगतात, आणि श्रीपत घरीं आला येथें ग्रंथ मिटतात. तें सयुक्तिकच आहे. परंतु त्यामुळें वडील भाऊ दृष्टीआड होतो. एका घरांतील दोन मुलगे एकाच उंबऱ्यावरून बाहेर पडले. एकास परत आणण्यासाठीं न्यायालय, पंडित व धनिक ह्यांनीं शर्थ केली, दुसऱ्यामागें दार लागलें. दार लागलें त्याचें पुढें काय झालें, हा प्रश्न इतिहासाचाच आहे.

(३) किंमत आणि आधार

धर्मांतरानें स्थैर्य मिळतें असें म्हणतांना प्रथम हें कबूल केलें पाहिजे कीं, त्यानें आरंभीं तें हिरावून घेतलें. घर, जात, पंक्ति, सोयरीक हीं सर्व एका दिवसांत गेलीं. धर्म बदलल्यानें वारसाहक्क जाऊं नये असा कायदा १८५० सालीं झाला, आणि धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदाचा १८६६ सालीं. ह्या दोन कायद्यांच्या तारखाच सांगतात कीं, ज्यांनीं १८४३ त पाऊल उचललें त्यांस कायद्याचा आधार नव्हता.

तोलून पाहण्यासाठीं त्या काळची दुसरी वाट घेऊं. दादोबा पांडुरंग प्रभृतींच्या प्रेरणेनें १८४९ च्या सुमारास मुंबईंत परमहंस सभा निघाली. जातिभेद मोडावा, एका ईश्वरास भजावें हें तिचें ध्येय. परंतु सभा गुप्त, आणि संख्या पुरेशी वाढेपर्यंत प्रकट व्हावयाचें नाहीं असा बेत. १८६० सालीं सभेचे कागद चोरीस गेले, सभासदांचीं नांवें बाहेर फुटण्याचें भय उत्पन्न झालें, आणि सभा मोडली. तिच्या बऱ्याच सभासदांच्या विचारांस १८६७ सालीं प्रार्थना समाजांत उघड रूप आलें, हें खरें. तरी गुप्ततेवर उभारलेलें स्थैर्य एका दप्तराच्या चोरीनें ढासळलें, ही गोष्ट दप्तरें गोळा करणाऱ्या आम्हां लोकांनीं तरी विसरूं नये. ह्याच सभेंत कांहीं काळ वावरलेले बाबा पदमनजी ह्यांनीं १८५४ सालीं बेळगांवीं बाप्तिस्मा घेतला. त्यांचें 'अरुणोदय' हें आत्मचरित्र त्या सभेच्या अंतरंगाविषयीं आजही महत्त्वाचें साधन आहे. जे प्रकट झाले त्यांस लिहिण्यास भीति उरली नव्हती. गमावण्याजोगें होतें तें अगोदरच गमावलेलें होतें.

येथें त्या श्रद्धेच्या बळाचें एक मर्म दिसतें. तिनें माणसास संकटांतून सोडविलें नाहीं. आंत एक आणि बाहेर एक असें जगण्याच्या ओझ्यांतून मात्र सोडविलें. पदमनजींच्या हातून १८५७ सालीं 'यमुनापर्यटन' आणि त्यानंतर मोल्सवर्थच्या कोशाचा संक्षेप हीं कामें झालीं. विधवांच्या दुःखाची कादंबरी आणि भाषेचा कोश हीं दोन्हीं कामें समाजाकडे पाठ फिरविलेल्या माणसाचीं नव्हेत.

(४) बेथेल

नारायण शेषाद्रि पुढें दीक्षित पाळक झाले. मुंबईंत राहून विद्वानांशीं वाद करणें त्यांस सहज शक्य होतें, आणि त्यांच्या शिक्षणास तेंच शोभलें असतें. त्यांनीं जालना हें आपलें कार्यक्षेत्र केलें. जालना त्या वेळीं निजामाच्या मुलखांत, औरंगाबाद सुभ्यांत होतें. तेथें इंग्रजी छावणी होती व मोठी पेठ होती. मुलूख मात्र निर्धास्त नव्हता. १८५७ च्या जूनमध्यें औरंगाबादेस हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळांत बंडाळी होऊन ती कठोरपणें मोडण्यांत आली होती. पुढें १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानें दक्षिण होरपळली. त्याच शतकाच्या उत्तरार्धांत औरंगाबादेस चर्च मिशनरी सोसायटीचें काम रतनजी नवरोजी हे पारशी ख्रिस्ती गृहस्थ पाहत होते. म्हणजे ह्या भागांतील दोन प्रमुख ख्रिस्ती केंद्रें परदेशस्थांनीं नव्हे, तर स्वतः घर सोडलेल्या येथल्याच माणसांनीं चालविलीं, हें लक्षांत घेण्याजोगें आहे.

जालन्याकडे नारायणरावांजवळ जे आले ते मुख्यतः मांग व महार. त्यांची अडचण शहरी ब्राह्मण तरुणाच्या अडचणीहून निराळी होती. मांगानें दोर वळावा, सणावारीं वाजवावें, महारानें वेस राखावी, सांगावा न्यावा, आणि त्याबद्दल बलुतें घ्यावें, ही गांवगाड्याची रीत. ख्रिस्ती झालेल्या मांगानें देवापुढें वाजविण्याचें नाकारलें कीं त्याच्या बलुत्याचा प्रश्न उभा राही. ब्राह्मणाची पंक्ति गेली तरी विद्या हातीं राहते; बलुतें गेलेल्यास पाय टेकण्यापुरती भुई राहत नाहीं. शिवाय वर सांगितलेले दोन्ही कायदे इंग्रजी मुलखाचे; निजामाच्या मुलखांत त्यांचा उपयोग नव्हता.

तेव्हां स्थैर्य ह्या शब्दाचा अर्थ येथें अक्षरशः भुई असा झाला. हैदराबादचे दिवाण सर सालारजंग (दिवाणगिरी १८५३ ते १८८३) ह्यांनीं जालन्याजवळ वसाहतीसाठीं जमीन दिली. एका मुसलमान राज्याच्या दिवाणानें, ब्राह्मण कुळांत जन्मलेल्या ख्रिस्ती पाळकाच्या हातीं, अस्पृश्य मानलेल्या लोकांच्या वस्तीकरितां दिलेली ही जमीन मराठवाड्याच्या इतिहासांतील एक चिंतनीय दान आहे. तेथें जें गांव वसलें त्यास नारायणरावांनीं बेथेल हें नांव दिलें.

नांवाचा अर्थ हिब्रू भाषेंत 'देवाचें घर'. जुन्या करारांत घरांतून परागंदा झालेला, भावापासून तुटलेला याकोब उघड्यावर धोंडा उशास घेऊन निजतो, आणि जागा झाल्यावर त्या उजाड जागेस हें नांव देतो. ज्याचें घर १८४३ त सुटलें व ज्याचा भाऊ न्यायालयाच्या हुकुमानें परत नेला गेला, त्यानें हेंच नांव निवडावें, ह्यांत आम्हांस केवळ मिशनरी प्रघात दिसत नाहीं.

१८७३ च्या आक्टोबरांत न्यूयॉर्क येथें इव्हँजेलिकल अलायन्सची परिषद भरली तींत नारायण शेषाद्रि बोलले. मुंबईंत ज्यास बिऱ्हाड उरलें नव्हतें तो जालन्याजवळच्या एका गांवाचा माणूस म्हणून जगापुढें उभा राहिला.

(५) आक्षेपाचा विचार

येथें एक आक्षेप येतो व तो रास्त आहे. जमिनीसाठीं, धान्यासाठीं लोक ख्रिस्ती झाले. ह्यांत श्रद्धा कोठें? मिशनचे वार्षिक अहवाल देणगीदारांसाठीं लिहिलेले असत, म्हणून त्यांतील उत्साह जपून घ्यावा. विरुद्ध पक्षाचीं वृत्तपत्रें खवळलेल्या वाचकांसाठीं लिहिलेलीं, म्हणून त्यांतील उपहासही जपूनच घ्यावा. जातिभेद बाप्तिस्म्यानें धुतला जात नाहीं, हेंही खरें. महार ख्रिस्ती व मांग ख्रिस्ती ह्यांतील दुरावा अहमदनगराकडील मंडळ्यांत दीर्घकाळ टिकला.

आमच्या मतें पोट आणि श्रद्धा असा काटेकोर विभाग करणें हेंच अनैतिहासिक आहे. वतनासाठीं तलवार धरणाऱ्या सरदाराची स्वामिनिष्ठा आम्ही खोटी मानीत नाहीं. मग भुईसाठीं आलेल्या मांगाची भक्ति तेवढीच संशयास्पद कां? शोधावयाचें असेल तर हें शोधावें कीं, आधार देणारे हात बदलल्यावर वस्ती राहिली कीं पांगली. स्कॉटिश मिशनच्या मंडळ्या १९२४ सालीं उत्तर हिंदुस्थानच्या संयुक्त चर्चमध्यें आल्या, आणि तें चर्च १९७० सालीं उत्तर भारताच्या चर्चमध्यें विलीन झालें. मध्यंतरीं १९४८ त निजामी गेली, १९५६ त मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला, १९८१ त जालना जिल्हा निराळा झाला. दिवाण, राज्य, मिशन हीं सर्व गेलीं. जालन्याकडील ख्रिस्ती मंडळी राहिली.

(६) कागदांविषयीं

आतां संग्राहकांच्या कामाची गोष्ट. वतनी महजरांत पाटलाची नांगराची निशाणी असते. महाराची साक्षही पुष्कळदां येते. परंतु त्या महाराच्या बायकोचें, मुलीचें नांव त्या महजरांत शोधून सांपडावयाचें नाहीं. चर्चच्या बाप्तिस्मा, विवाह व दफन ह्यांच्या नोंदवह्यांत व्यक्तीचें नांव, आईबापांचीं नांवें व दिनांक लिहिण्याचा प्रघात असे. पिढ्यान् पिढ्या 'मांग' एवढ्याच शब्दानें दप्तरांत वावरलेल्या कुळांपैकीं कित्येकांचें पहिलें लिखित नांव अशाच वहींत असण्याचा संभव आहे. देवाच्या पुस्तकांत आपलें नांव लिहिलेलें आहे ही त्या धर्माची शिकवण. ज्याचें नांव कोणत्याच वहींत नव्हतें त्यास ही शिकवण काय वाटली असेल, ह्याचा अंदाज फर्मानें जमविणारासही करतां यावा.

असो. श्रीपतास परत आणण्याच्या खटपटीचे कागद मुंबईच्या न्यायालयाच्या, वृत्तपत्रांच्या व पंडितांच्या दप्तरांतून वर आलेले आहेत. नारायणाच्या बाजूचे कागद खेड्यांतील चर्चच्या कपाटांत, पाळकांच्या घरच्या पेट्यांत आणि स्कॉटलंडांतील संग्रहांत असावयाचे. पहिल्या दोन ठिकाणच्यांस वाळवी व पाऊस ह्यांचें भय नित्याचें आहे. मंडळींच्या पंचांस विश्वासांत घेऊन, मूळ वह्या त्यांच्याच ताब्यांत ठेवून, त्यांच्या नकला करवून घेणें हें काम मराठवाड्यांतील संशोधकांनीं लवकर अंगावर घ्यावें. राजांचें स्थैर्य सनदांवरून मोजण्याची आम्हांस संवय आहे. ज्यांस सनद नव्हती त्यांनीं अस्थिर काळांत आपले पाय कशावर रोंवले हें ह्या वह्यांवरून कळेल, आणि त्यावांचून ह्या टापूचा एकोणिसाव्या शतकाचा इतिहास अर्धाच राहील.