भोपाळचे बेट आणि भोजराजाचे पाणी

समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या भोपाळास बेट असावे, हे नवलच होय. परंतु मोठ्या तलावातील तकिया टापू हे खरेखुरे बेट असून त्यावर शाह अली शाह यांचा दर्गा आहे. नावेने पाण्यावर विहार करावा, काठी घटकाभर स्वस्थ बसावे, हे सुख कोकणचा किनारा सोडून आलेल्यांस विशेष भावते.

हे बेट एकट्या निसर्गाने घडविलेले नाही. परंपरेनुसार ११ व्या शतकात परमार राजा भोज याने कोलांस नदीस मातीचा बांध घातला; पाणी चढले आणि उंचवटा तेवढा वर राहिला. तलाव बांधणे यास आपल्या शास्त्रांनी 'पूर्त' म्हणून पुण्यकर्म मानले. तथापि राखणाऱ्याचे कर्तव्यही तितकेच मोठे आहे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात पाण्यात मलमूत्र टाकण्यास, थुंकण्यासही मनाई आहे. भोजपूरचे विशाल सरोवर १५ व्या शतकात होशंगशाहाने बांध फोडून नाहीसे केले, असे सांगतात. आज पाणी नासण्यास सैन्य लागत नाही, आपली बेफिकिरी पुरते.

२००२ साली धाकट्या तलावासह हे जलाशय रामसर यादीत आले. २०२३ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने येथील क्रूझ व यांत्रिक नौका बंद करण्याचा आदेश दिला. सहलीची मौज गेली, असे कोणी म्हणेल. आम्हांस तो निर्णय धर्म्य वाटतो. कारण हेच पाणी नगरातील घरोघरी पिण्यास जाते. वल्ह्याची नाव सावकाश चालते खरी, पण बेट काही पळून जात नाही.