पूरक तंत्रातील एंझाइमे

पूरक तंत्र या रक्तातील प्रथिनसमूहात साखळी-विक्रिया घडवून आणणारी एंझाइमे. ती प्रथिनांचे विच्छेदन करतात व एरवी निष्क्रिय रूपात असतात. जंतूंचा नाश हे त्यांचे कार्य असले, तरी नियंत्रण सुटल्यास ती शरीराच्याच कोशिकांचा घात करतात.

इतिहास : ताज्या रक्तरसाचा जंतुनाशक गुण ५५° से. तापमानास नष्ट होतो, असे हान्स बुखनर यांना १८८९ मध्ये आढळले. झ्यूल बॉर्दे यांनी १८९५ मध्ये पॅरिस येथील पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये असे दाखविले की, लस टोचलेल्या प्राण्याच्या तापविलेल्या रक्तरसात न टोचलेल्या प्राण्याचा ताजा रक्तरस मिसळल्यास हा गुण परत येतो. यावरून उष्णतेस टिकणारे प्रतिपिंड व न टिकणारा दुसरा घटक ही दोन्ही आवश्यक ठरली. दुसऱ्या घटकास पाउल एर्लिख यांनी ‘पूरक’ हे नाव दिले. बॉर्दे यांना १९१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हा घटक एकच पदार्थ नसून अनेक प्रथिनांचा समूह आहे, हे पुढे सिद्ध झाले. प्रतिपिंडामुळे सुरू होणाऱ्या मार्गात सी-१आर हे एंझाइम सी-१एस यास क्रियाशील करते. सी-१एसमुळे सी-४ व सी-२ यांचे विच्छेदन होऊन त्यांच्या तुकड्यांपासून सी-३ रूपांतरक हे एंझाइम बनते. त्याचा एक रेणू सी-३ चे अनेक रेणू फोडू शकत असल्याने विक्रिया झपाट्याने वाढते. प्रतिपिंडावाचून चालणाऱ्या पर्यायी मार्गाची कल्पना लुईस पिलेमर यांनी १९५४ मध्ये मांडली. ती पुढे मान्य झाली. आय घटक हे एंझाइम मात्र सी-३ चा क्रियाशील तुकडा निकामी करून विक्रियेस आवर घालते.

महाराष्ट्रातील संशोधन : पुणे येथील राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात अरविंद साहू व त्यांचे सहकारी यांनी कापोसी मांसार्बुदाशी निगडित व्हायरसाच्या ‘कापोसिका’ या प्रथिनाचे कार्य २००३ मध्ये स्पष्ट केले. हे प्रथिन आश्रयीच्याच आय घटकास साहाय्य करून पूरक तंत्र निष्प्रभ करते. तत्पूर्वी अमेरिकेत साहू, ब्रायन के व जॉन लँब्रिस यांनी सी-३ चे विच्छेदन रोखणारे ‘कॉम्पस्टॅटिन’ हे पेप्टाइड शोधले (१९९६).

रात्रकालीन हीमोग्लोबिनमूत्रता या विकारात तांबड्या कोशिकांवरील संरक्षक प्रथिने नसल्याने पूरक तंत्र त्या फोडते. कॉम्पस्टॅटिनापासून विकसित केलेल्या पेगसेटाकोप्लान या औषधास या विकारासाठी २०२१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. तथापि पूरक तंत्र रोखल्याने न्यूमोनिया व मस्तिष्कावरणशोथ यांच्या जंतूंचा धोका वाढतो. म्हणून उपचारापूर्वी रुग्णास त्यांविरुद्ध लस देणे आवश्यक असते.