मागची वाट

मी दाभोळचा. पलटणीतून सुटल्यावर १७ वर्षं बँकेच्या दारात बारा बोअरची दुनळी घेऊन उभा राहिलो. सकाळी शटर उघडण्याआधी इमारतीला मागून एक फेरी मारायची, ही माझी रोजची रीत. एकदा मॅनेजरसाहेबांनी विचारलं, "दार इकडे, तुम्ही मागे कशाला जाता?" मी म्हटलं, "साहेब, आमचं गाव मागच्या वाटेनेच लुटलं गेलं."

ती गोष्ट १५०८ च्या डिसेंबरअखेरची. दाभोळ तेव्हा आदिलशाहीची तिजोरीच होतं. अरबस्तान, खुरासानचे घोडे वाशिष्ठीच्या मुखाशी उतरायचे आणि घाट चढून वर जायचे. रशियाचा अफनासी निकितीन त्याआधी काही दशकं इथूनच हुरमुजच्या जहाजात बसला होता. एवढी दौलत म्हटल्यावर राखणही तशीच. फारिया इ सौझा हा पोर्तुगीज इतिहासकार ६००० शिबंदी सांगतो, त्यात ५०० तुर्क.

चालून आला तो पोर्तुगीजांचा व्हाइसरॉय फ्रान्सिस्कु द अल्मेदा. त्याचा मुलगा लोरेन्सु त्याच वर्षी चौलच्या लढाईत पडला होता. मारणारं आरमार इजिप्तचं आणि गुजरातचं. सूड घ्यायला बाप दीवकडे निघाला आणि वाटेत आमच्यावर उतरला. सोबत १९ जहाजं, सुमारे १६०० माणसं, त्यांत ४०० मलबारी.

फिरंग्यांकडे तोफा होत्या आणि आपल्याकडे नुसत्या तलवारी, असं गावात पुष्कळ जण समजतात. ते खरं नाही. तोफ हा शब्दच मुळात तुर्की. दारूगोळा दोन्हीकडे होता. फरक होता तो हत्यार वापरण्यात. किनाऱ्यावरची तोफ रोवलेली, जहाजावरची जहाजाबरोबर फिरणारी. पोर्तुगीजांकडे 'बेर्सु' नावाच्या लहान तोफा असत, मागून भरायच्या. दारू ठासलेली नळकांडी आधीच तयार ठेवायची, एक उडालं की काढून दुसरं बसवायचं. माझी दुनळीही मागूनच भरायची. भरताना वाचलेल्या चार क्षणांची किंमत मला ठाऊक आहे. तोड्याच्या बंदुकीचं मात्र तसं नाही. नळीत दारू ओता, गोळी सोडा, गजाने ठासा, मग पेटता तोडा टेकवा. तेवढ्यात चांगला तिरंदाज पाच-सहा बाण सोडतो. म्हणून त्या काळी पोर्तुगीज शिपायांत बंदुकीबरोबर आडवं धनुष्य आणि भालाही असे, अंगावर पोलादी चिलखत असे. पुढे मराठ्यांनी त्यांची सरळ पाती पारखून घेतली. अशा तलवारीला आपण आजही 'फिरंग' म्हणतो.

फारियाच्या म्हणण्याप्रमाणे अल्मेदाने माणसं उतरवून तीन तुकड्या केल्या आणि तीन दरवाजांवर एकदम हल्ला चढवला. सगळी शिबंदी तिकडे गुंतली. तेवढ्यात नूनु वाझ परेरा एक तुकडी घेऊन कमी राखणीच्या दुसऱ्या वाटेने आत शिरला. पाच तास झुंज झाली. आमचे १५०० पडले, त्यांचे १६, असं तो लिहितो. हिशेब जिंकणाऱ्याच्या बाजूचा आहे. पाच तास लढून फक्त १६, हे माझ्यातल्या शिपायाला पटत नाही. बायका-पोरांनाही सोडलं नाही, हे मात्र त्यांच्याच लोकांनी लिहून ठेवलं आहे.

सकाळी लुटीची परवानगी मिळाली आणि थोड्याच वेळात गाव पेटलं. हाती लागली ती दीड लाख डुकाटांची लूट, बाकी राख. आग अल्मेदानेच गुपचूप लावायला सांगितली होती. लुटीने पोट भरलेले शिपाई दीवला लढणार नाहीत, ही त्याची धास्ती. बंदरातली जहाजंही जाळली.

दरोडेखोर ज्यासाठी येतो तेच जाळून जातो, असा दुसरा दरोडा माझ्या ऐकण्यात नाही. आमच्या माणसांचे जीव त्याला मालाहूनही स्वस्त वाटले. याचा राग मला अजून येतो.

३ फेब्रुवारी १५०९ ला अल्मेदा दीवची लढाई जिंकला. पुढे मायदेशी परतताना पाण्यासाठी तो आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी टेबल बेमध्ये थांबला. तिथे त्याच्या माणसांनी खोइखोइ गुराख्यांशी भांडण काढलं. १ मार्च १५१० रोजी त्या गुराख्यांनी त्याला आणि त्याच्या साठाहून अधिक माणसांना मारलं. त्यांच्या हातात लाकडी भाले होते आणि दगड.