नावांची वही

४ ऑक्टोबर २०२१, सोमवारची रात्र. नऊ वाजून गेल्यावर व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम आणि फेसबुक एकदमच बंद पडलं. अनेकांनी वायफाय बंद-चालू केलं, रिचार्ज संपलाय का तेही पाहिलं. जवळपास सहा तास हे चाललं. सर्व्हर जागेवरच होते. पण एका चुकीच्या आदेशाने कंपनीचं आतलं जाळं तुटलं, आणि ज्या यंत्रांना त्यांचे पत्ते विचारायचे, तीही जगाला दिसेनाशी झाली.

पत्ते म्हणजे आयपी ॲड्रेस, नेटवर्कवरच्या प्रत्येक मशिनचा आकडी पत्ता. आकडे आपल्या लक्षात राहत नाहीत. फोनमध्ये आपण 'आई' वर टॅप करतो, नंबर फोन शोधतो. इंटरनेटलाही अशी कॉन्टॅक्ट लिस्ट लागते.

सत्तरच्या दशकात, इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेटवर, ती लिस्ट म्हणजे एक साधी टेक्स्ट फाइल होती. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांची टीम ती सांभाळायची. नवा कॉम्प्युटर जोडला की त्यांना कळवायचं. त्या नाव आणि पत्ता फाइलमध्ये चढवायच्या, मग बाकीचे ती फाइल उतरवून घ्यायचे. कॉम्प्युटर वाढले तशी फाइल फुगली. नवी प्रत पोचेपर्यंत ती जुनी झालेली असायची.

१९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी ही वही वाटून टाकली. तीच डोमेन नेम सिस्टिम, म्हणजे डीएनएस. मराठी विकिपीडियाचं नाव उजवीकडून वाचा: एमआर डॉट विकिपीडिया डॉट ओआरजी. सगळ्यात वरचा रूट सर्व्हर सांगतो, ओआरजीची नावं कोणाकडे आहेत. तिथे कळतं, विकिपीडियाचं पान कोण सांभाळतं. ते शेवटी पत्ता देतात. हे उत्तर वाटेतले सर्व्हर काही वेळ लक्षात ठेवतात, म्हणून दरवेळी एवढी पायपीट होत नाही.

त्यामुळे २०२१च्या त्या रात्री बाकीचं इंटरनेट चालू होतं. वहीतलं एका कंपनीचं पान तेवढं वाचता येत नव्हतं. तरी आपल्यापैकी कितीतरी जण 'नेट गेलं' असंच म्हणाले. मोकापेट्रिसनी वाटून दिलेली वही आपण पुन्हा एकाच पानावर आणून ठेवली होती.