हॅक झालेला संगणक : फॉरमॅट मारण्याआधी थांबा

बडनेऱ्यात विहाराच्या अभ्यासिकेत, मंडळाच्या कार्यालयात किंवा एखाद्या कार्यकर्त्याच्या घरी जो संगणक असतो, त्यात सभासदांचे नंबर, वर्गणीचा हिशेब, शिष्यवृत्तीचे अर्ज, निवेदने असे सगळेच असते. तो विचित्र वागू लागला की पहिला सल्ला मिळतो, ‘फॉरमॅट मारून टाक.’ आमचे म्हणणे उलट आहे. फॉरमॅटने घुसखोराच्या खुणाच पुसल्या जातात, आणि उद्या आपल्यावरच आळ आला तर त्या खुणांशिवाय आपल्या हाती काही उरत नाही.

ही भीती काल्पनिक नाही. एल्गार परिषद प्रकरणात १७ एप्रिल २०१८ रोजी पुणे पोलिसांनी रोना विल्सन यांच्या दिल्लीतील आणि ॲड. सुरेंद्र गडलिंग यांच्या नागपुरातील घरी झडती घेऊन संगणक साहित्य जप्त केले. विल्सन यांच्या डिस्कची प्रत बचाव पक्षाने अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंगकडून तपासून घेतली. फेब्रुवारी २०२१ मध्ये समोर आलेल्या अहवालानुसार, १३ जून २०१६ रोजी उघडलेल्या एका ईमेलमधून नेटवायर हा प्रोग्रॅम संगणकात शिरला, सुमारे २२ महिने हल्लेखोराचा तिथे वावर राहिला आणि आक्षेपार्ह पत्रे बाहेरून एका लपवलेल्या फोल्डरमध्ये टाकली गेली. पत्रे वर्डच्या २०१० किंवा २०१३ आवृत्तीत तयार झालेली, संगणकात मात्र वर्ड २००७! एनआयएने हा अहवाल मान्य केलेला नाही. त्यावर निवाडा न्यायालयच करील. पण डिस्कवरच्या नोंदी शाबूत होत्या म्हणूनच ही तपासणी शक्य झाली, हे विसरू नये.

मग करायचे काय? आधी मोबाईलने स्क्रीनचा फोटो काढा, वेळ वहीत लिहा. लगेच नेटची वायर काढा, वायफाय बंद करा, म्हणजे घुसखोराचा संपर्क तुटतो. संगणक मात्र चालू ठेवा, लॅपटॉपचे झाकणही मिटू नका. रॅममध्ये चालू प्रोग्रॅम आणि जोडण्यांची माहिती असते; ती वीज जाताच नाहीशी होते. अपवाद एकच : डोळ्यांदेखत फाइली लॉक किंवा डिलीट होत असतील, तर सरळ वीज तोडा.

त्यानंतर त्या यंत्रावर अँटीव्हायरस चालवू नका, फाइली उघडून पाहू नका, पेनड्राइव्ह लावू नका. पासवर्ड बदला, पण दुसऱ्या, खात्रीच्या यंत्रावरून. संशयित ईमेल मूळ जागीच ठेवा. फॉरवर्ड केलेल्या प्रतीत त्याच्या प्रवासाची पूर्ण माहिती येत नाही. राउटर रिसेट करू नका. संगणक कोणी, कधी, कोणाच्या हाती दिला, हे सहीनिशी लिहा. दुरुस्तीच्या दुकानात तो दोन दिवस बेवारस पडून राहिला, तर पुढे कोर्टात त्यावर बोट ठेवले जाणारच.

तज्ज्ञ मूळ डिस्कला हात न लावता तिची हुबेहूब प्रत घेतो आणि हॅश मूल्य काढतो. हॅश म्हणजे डिस्कवरील मजकुराचा अंगठा. एक अक्षर बदलले तरी तो बदलतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार जोडायच्या प्रमाणपत्रात हे मूल्य द्यावे लागते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचे चित्रीकरणही आवश्यक आहे. म्हणून यंत्र पोलिसांनी नेले, तर तिथेच हॅश मूल्य मागा, पंचनाम्यात लिहून घ्या आणि जप्तीच्या यादीची प्रत घेतल्याशिवाय सोडू नका.

पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. बाकी तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा अमरावती शहराच्या सायबर पोलीस ठाण्यात देता येते. सोबत ती वही न्या.