गुग्गुळाची परीक्षा

गुग्गुळ म्हटले की आपल्याला दोन गोष्टी आठवतात. एक, निखाऱ्यावर टाकताच घरभर दरवळणारा धूप. दुसरी, सांधे दुखू लागल्यावर वैद्यांनी दिलेली योगराज गुग्गुळाची काळपट गोळी. दोन्हींचे मूळ एकच. कच्छ, राजस्थान आणि सिंध या भागांतल्या कोरड्या, खडकाळ जमिनीवर वाढणारे ते एक काटेरी झुडूप आहे. बाळंतिणीला दिला जाणारा हिराबोळ ज्या झाडापासून मिळतो, त्याच्याच कुळातले. सालीला चीर दिली की चिकट स्राव पाझरतो आणि वाळून घट्ट होतो. हा स्राव निव्वळ डिंक नाही आणि निव्वळ राळही नाही. त्याचा काही भाग बाभळीच्या डिंकाप्रमाणे पाण्यात विरघळतो, तर काही भाग राळेप्रमाणे विरघळत नाही. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरला.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात स्थौल्याचे वर्णन आहे. कफ वाढवणारा आहार, व्यायामाचा अभाव, दिवसा झोपणे यांमुळे मेद वाढतो आणि शरीरातले मार्ग अडतात, असे तेथे म्हटले आहे. त्यावरच्या उपायांत गुग्गुळाचे नाव येते. शतकानुशतके हे वचन पाठ केले गेले. ते प्रयोगाने तपासायचे मात्र राहून गेले होते.

ते काम बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती यांनी केले. सुश्रुतातले हे वर्णन आणि रक्तवाहिन्यांच्या आतून मेद साचून त्या अरुंद होण्याचा विकार यांत त्यांना साम्य दिसले. साम्य म्हणजे पुरावा नव्हे, हे त्या जाणून होत्या. त्यांनी सशांना कोलेस्टेरॉल वाढवणारा आहार दिला आणि काहींना त्यासोबत गुग्गुळ दिला. गुग्गुळ मिळालेल्या सशांच्या रक्तात कोलेस्टेरॉल कमी आढळले. १९६६ साली हे काम प्रबंधरूपाने सादर झाले. याच सत्यवती पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या महासंचालक झाल्या.

आता प्रश्न होता, गुग्गुळातले नेमके काय काम करते? पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सुखदेव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुग्गुळातील स्टेरॉइड वर्गातल्या संयुगांचा अभ्यास करून तो १९७२ साली प्रसिद्ध केला. गुग्गुलस्टेरॉन ही त्यांतली महत्त्वाची संयुगे. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत पाण्यात विरघळणारा डिंक बाजूला काढून राळेच्या भागापासून ‘गुगुलिपिड’ तयार झाले. १९८९ साली त्याच्या रुग्णांवरील चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. क्लोफायब्रेट या औषधाशी तुलना करता गुगुलिपिडने कोलेस्टेरॉल सरासरी ११ टक्के, तर क्लोफायब्रेटने १० टक्के उतरले होते. त्याआधीच गुगुलिपिड बाजारात आले होते.

२००२ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी गुग्गुलस्टेरॉन यकृतातल्या कोणत्या ग्राहक-प्रथिनाला अडवते, हेही दाखवले. औषध कसे काम करत असावे, याचा धागा सापडला. पण ते माणसात खरोखर काम करते का?

२००३ साली अमेरिकेतच १०३ प्रौढांवर आठ आठवड्यांची चाचणी झाली. सर्वांचे कोलेस्टेरॉल वाढलेले होते. काहींना गुग्गुळाचा अर्क दिला, तर काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कोणाला काय मिळाले, हे रुग्णांना ठाऊक नव्हते. नुसत्या गोळीच्या गटात ‘वाईट’ समजले जाणारे एलडीएल कोलेस्टेरॉल ५ टक्के उतरले. गुग्गुळ घेणाऱ्या दोन गटांत ते ४ आणि ५ टक्के वाढले! सहा जणांच्या अंगावर पुरळही उठले. नॉर्वेत ४३ जणांवर झालेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एकूण कोलेस्टेरॉल थोडे उतरले, पण त्याबरोबर ‘चांगले’ एचडीएलही उतरले. एलडीएलमध्ये लक्षणीय फरक पडला नाही.

मग आधीचे शास्त्रज्ञ चुकले का? तसे म्हणता येणार नाही. ससा म्हणजे माणूस नव्हे. चाचण्यांतली माणसे वेगळी, त्यांचा आहार वेगळा, तुलनाही वेगळी. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांचे कोलेस्टेरॉलही काही टक्के खालीवर होते, ही गोष्ट मात्र आपण वर्गात आवर्जून सांगायला हवी. तुलनेचा गट नसेल, तर तो बदलही आपण औषधाच्या नावावर जमा करून बसू.

‘झाडपाल्याचे औषध, अपाय कसला?’ हा समजही तपासून पाहावा. गुगुलिपिडसोबत घेतल्यास प्रोप्रॅनोलॉल आणि डिल्टियाझेम ही हृदयविकारावरची औषधे रक्तात कमी प्रमाणात पोहोचतात, असे मुंबईच्या संशोधकांना १९९४ साली आढळले. म्हणून डॉक्टरांना न सांगता गुग्गुळ सुरू करणे किंवा त्याच्या भरवशावर चालू औषध सोडणे धोक्याचे आहे.

या साऱ्याची किंमत त्या झुडपानेही मोजली. ते सावकाश वाढते. जास्त स्राव मिळावा म्हणून खोल चिरा दिल्या की अनेकदा मरते. २०१५ साली जागतिक लाल यादीत त्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ अशी झाली.

विद्यार्थी आपल्याला विचारतील, ‘मग गुग्गुळ खरा की खोटा?’ आम्हाला वाटते, त्यांना उलट विचारावे: कोणत्या विकारावर? किती मात्रेत? कशाशी तुलना करून? सांधेदुखीचा प्रश्न वेगळा आणि कोलेस्टेरॉलचा वेगळा. एकाचे उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही. सुश्रुताच्या वचनातून सत्यवतींना एक चांगला प्रश्न मिळाला, आणि त्याचे उत्तर त्यांनी ग्रंथात न शोधता प्रयोगशाळेत शोधले. त्यांच्या उत्तराची पुढे पुन्हा परीक्षा झाली, तीही त्याच रीतीने.